काजळीचा हात

एकतीस वर्षं मी सरकारी गोदामात पोत्यांमध्ये परखी खुपसली. परखी म्हणजे टोकदार पोकळ नळी. पोत्यात घालायची, ओढायची, तळहातावर पडलेले दाणे बघायचे आणि फॉर्म भरायचा. एवढ्याच कौशल्यावर माणूस निवृत्त होतो आणि नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरात टीव्हीसमोर पेंगत बसतो. पण माझं नशीब थोर. आठच महिन्यांत मला गौरांगने उचललं.

गौरांग म्हणजे चौतिशीतला मुलगा. वडिलांची अमरावती रोडवर लग्नाची दोन लॉन्स आहेत. हा बंगलोरला काहीतरी करून कंटाळला आणि नागपुरात येऊन डोंगरातल्या शेतकऱ्यांचा उद्धार करायला बसला. ‘डोंगरदाणा फाउंडेशन’. धंतोलीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, खाली हाडांचं हॉस्पिटल, वर किडनीचं. डोंगरातलं धान्य शहराच्या पोटात आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांचे फोटो ऑफिसच्या भिंतीवर, असा एकूण कारभार. मला त्याने ‘क्वालिटी हेड’ केलं. तसं कार्डही छापून दिलं. मी ते दूधवाल्यालासुद्धा दाखवलं, हे कबूल करतो.

डिसेंबरात आम्ही कुसुमटोल्याला गेलो. नागपूरच्या उत्तरेला अडीच तास, शेवटचा तास नुसती चढण. अकरा घरं, सगळी गोंडांची, आणि उतारावर कोदोची शेतं. कोदो म्हणजे वरीसारखं बारीक धान्य. ते पूर्वी गरीब खायचे म्हणून शहर नाक मुरडायचं, आता मधुमेहवाले खातात म्हणून शहर त्याला ‘सुपरफूड’ म्हणतं. गौरांगने गाडीतून उतरल्या उतरल्या ड्रोन उडवला. कोंबड्या सैरावैरा पळाल्या. ते त्याला फार आवडलं आणि त्याने ड्रोन पुन्हा खाली आणला.

ज्यांच्या अंगणात हे चाललं होतं त्या रुखमाबाई उईके. वय पंचावन्नच्या आसपास, सडसडीत अंग, आणि बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय. त्यांच्या घरात मातीच्या पुरुषभर उंचीच्या दोन कोठ्या होत्या. एक साधी. दुसरीवर छातीच्या उंचीला काळ्याकुट्ट हाताचा ठसा उठवलेला.

“हे काय?” मी विचारलं.

“काजळीचा हात हाय, साहेब. तव्याची काजळी. यंदा कापणीच्या टायमाले पाणी आलं, सगळा कोदो वावरातच भिजला. असा भिजलेला कोदो मातोना होते. खाल्ला का माणूस मातते. डोकं फिरते, हात कापते, वकाऱ्या येते.”

“मग फेकून देता?”

“फेकून काहून देऊ? ठेवतो. दोन पावसाळे गेले का उतरते त्याचं. मंग घरातलं थोरलं माणूस आधी खाते, बाकीचे अर्धा दिवस उपाशी थांबते. थोरल्या माणसाले सुईत दोरा ओवाले देतो. त्यानं दोरा ओवला का मंग सारे जेवते. माह्या सासूनं खाल्लं, आता मी खातो.” त्यांनी साध्या कोठीवर थाप मारली. “हा दोन सालाचा हाय. माह्या तोंडातून गेलेला. हा न्या.”

एकतीस वर्षांत मला कुणी धान्याबद्दल इतकं शहाणपणाचं सांगितलं नव्हतं. मी मान डोलावली आणि गौरांगला बोलावलं.

“दोन साल पुराना?” गौरांगचं तोंड कडू झालं. “काकू, शहरात लोक पॅकेटवर तारीख बघतात. आपली कॅम्पेनच आहे, ‘याच हंगामाचं, थेट डोंगरावरून’. मला फ्रेश पाहिजे. तो नवा द्या, बाजाराच्या तिप्पट भाव देतो.”

“नवा नाई भेटत.”

“का?”

“सांगतलं ना साहेबाले.”

तिप्पट भाव नाकारणारी बाई गौरांगने पाहिली नव्हती. मीही नव्हती. आणि पैसा तिला नको होता असंही नाही. मला गाडीपर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्या बोलल्या. बैल मेल्यापासून दोन वर्षं उतार पडीक होता. यंदाचा कोदो त्यांनी दुसऱ्याच्या वावरात बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, केला होता. उतारावर ट्रॅक्टर चढत नाही, चढला तर उलटतो. मुलगा दुर्गेश आणि सून मेघा दोघंही नागपूरला लागून असलेल्या वाडी नावाच्या उपनगरात गेले होते, तिथल्या गोदामात तो पोती उचलायचा आणि ती धान्य पाखडायची.

“हा जुना गेला तर बैलजोडी येते. बैल आले तर पोरगं येते. एवढंच हाय, साहेब. पुढच्या वैशाखात नाई आला तर मंग तो येतच नाई. वाडीत गेलेले पोट्टे तीन सालांनी गावचा रस्ता इसरते.”

मी म्हटलं, बघतो. सरकारी नोकरीत हा शब्द मी हजार वेळा वापरला होता. अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

गौरांग मात्र रिकाम्या हाताने परतला नाही. त्याने काळ्या हाताचे चाळीस फोटो काढले होते. “काका, काय रॉ आहे हे! ट्रायबल आर्ट!” मी त्याला अर्थ सांगितला. हा हात म्हणजे ‘खाऊ नका’, असं स्वच्छ मराठीत सांगितलं. त्याने माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. “काका, अर्थ कोण विचारतो? फील बघा.” पंधरा दिवसांत काळा हात फाउंडेशनचा लोगो झाला. पॅकेटवर हात, पिशवीवर हात, माझ्या नव्या कार्डावरही हात. विषाच्या बाटलीवरची कवटी बिस्किटाच्या पुड्यावर छापावी, तसला हा प्रकार. आणि मी ते नवं कार्डही खिशात ठेवलं.

जानेवारीत वाडीच्या गोदामात फाउंडेशनसाठी कोदोची पोती आली. सालं काढायचं मशीन तिथेच होतं. पोती उतरवणारा माणूस म्हणाला, “तुमीच ना ते साहेब, आमच्या घरी आले होते? मी दुर्गेश. कुसुमटोल्याचा.”

मी परखी खुपसली. दाणे तळहातावर आले. राखाडी, मधूनमधून काळपट. मला रुखमाबाईंचा आवाज आठवला नाही असं म्हटलं तर मी खोटा ठरेन.

“कुठला माल आहे हा?”

“घरचाच हाय.” त्याने नजर चुकवली. “आई बाजाराले गेली होती. मी टेम्पो नेला, कोठीचं तोंड परत लिंपून ठेवलं. तिले माहीत नाई. गौरांग सर म्हणे, नव्याचे तिप्पट देतो. जुन्याले कोणी इचारत नाई ना साहेब.”

“हात लावलेल्या कोठीतला?”

“हो. पण तुमच्याकडं तर मशीन हाय ना? लॅब हाय. तुमी पास केल्याशिवाय कोणी खातच नाई. मशीन काढून टाकते असन सगळं.”

हे त्याने इतक्या भरवशाने सांगितलं की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लॅब! लॅब म्हणजे एक टेबल, एक ओलावा मोजायचं यंत्र आणि मी. डोंगरातला माणूस घरातल्या थोरल्याच्या जिभेवर विश्वास ठेवायचा, तो शहरात येऊन माझ्या सहीवर विश्वास ठेवायला लागला. याला म्हणे प्रगती.

मी गौरांगला फोन केला. तो म्हणाला, “काका, तुमच्या फॉर्मवर याचा कॉलम आहे का?” फॉर्मवर ओलावा होता, कचरा होता, फुटके दाणे होते, कीड होती. मातोन्याचा कॉलम नव्हता. “नाही ना? मग?” मी ओलावा मोजला. अकरा टक्के. उत्तम. सही केली.

फेब्रुवारीत गौरांगच्या वडिलांच्या लॉनवर ‘डोंगराचं ताट’ नावाचा दुपारचा सोहळा होता. धंतोलीतले डॉक्टर, दोन बिल्डर, त्यांच्या बायका, कॉलेजात पोषणावर भाषणं देणाऱ्या बाई, आणि सगळ्यांच्या गळ्यात मण्यांच्या माळा, दारातच वाटलेल्या. कोदोची बिर्याणी, कोदोची खीर, आणि कोदोचा रिसोटो नावाचा एक पातळ भात. प्रवेशाच्या कमानीवर दहा फुटी काळा हात. रुखमाबाईंना शाल-नारळासाठी बोलावलं होतं. मेघा त्यांना वाडीहून घेऊन आली. कमानीखाली रुखमाबाई थबकल्या.

“हा काहून लावला, साहेब?”

“त्यांना आवडला.”

“हा काय हाय ते इचारलं नाई कोणी?”

मी सांगितलं की मी सांगितलं होतं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग मेघाला विचारलं, “कोदो कोणाचा हाय वं?”

“आपल्याच घरचा, मामी.” सासूला ती मामी म्हणायची. “ह्यायनं आणला.”

“कोणत्या कोठीतला?”

मेघाने तोंड फिरवलं. रुखमाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. त्या सरळ स्टेजवर गेल्या. गौरांग शाल उलगडत होता. त्यांनी त्याच्यासमोरचा माइक ओढून घेतला.

“थांबा. कोणी खाऊ नका. हा हात लागलेला कोदो हाय. आधी मी खातो. दिवस कलेपर्यंत थांबा. मी सुईत दोरा ओवला तरच खाजा.” त्यांनी स्टेजवर मांडलेल्या ताटातली मूठभर बिर्याणी उचलून खाल्ली, कनवटीची सुई काढली आणि स्टेजच्या पायरीवर बसल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. गौरांगची बायको भैरवी हिने दुसरा माइक घेतला आणि भरल्या आवाजात सांगितलं, “शी इज ब्लेसिंग अवर फूड!” पोषणाच्या बाईंनी डोळे पुसले. कुणीतरी सुईचा क्लोज-अप घेतला. आणि मग सगळ्यांनी चमचे उचलले. मराठीत मोठ्या झालेल्या दीडशे माणसांना ‘खाऊ नका’ हे दोन शब्द कळले नाहीत, कारण ते लुगड्यातल्या बाईने सांगितले होते. कोटातल्या माणसाने सांगितले असते तर सगळे उठून गेले असते.

आणि मी? मी ताक पीत होतो. त्या दुपारी कोदो न खाणारा एकमेव शहाणा माणूस मी होतो. एक शब्द बोललो नाही.

तासाभरात पहिला बिल्डर खाली बसला आणि पडू नये म्हणून त्याने दोन्ही मुठींत हिरवळ गच्च धरली. हाडांच्या डॉक्टरांना खिशातला फोन काढता येईना, हात लटलटत होते. गौरांग माइकवर ‘रूट्स’ म्हणायला गेला आणि ‘रू’वरच राहिला. गाड्या धंतोलीकडे धावल्या. ज्यांची हॉस्पिटलं होती ते आपापल्या हॉस्पिटलात गेले, बाकीचे त्यांच्या मागोमाग. कुणाचं काही बरंवाईट झालं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे सलाइन काढून घरी गेले आणि ‘डिटॉक्स झालं असेल’ अशी एक पोस्टही कुणीतरी टाकली.

रुखमाबाई स्टेजच्या पायरीवर थरथरत बसल्या होत्या. हातात सुई तशीच होती. त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. मेघाने आणि मी त्यांना ऑटोत घातलं. हॉस्पिटलला त्या नाही म्हणाल्या.

तीन दिवसांनी गौरांगने मला एक कागद दिला. त्यात लिहिलं होतं की दुर्गेश उईकेने खराब माल चांगल्यात मिसळला आणि याची फाउंडेशनला काहीही कल्पना नव्हती. खाली दुर्गेशची सही हवी होती, साक्षीदार म्हणून माझी. “सही केली तर मालाचे अर्धे पैसे देऊ. माणुसकी म्हणून. नाही केली तर एक रुपया नाही, आणि त्या गावचा दाणा विदर्भात कुणी घेणार नाही, हे मी बघतो.” त्याचा हात अजून किंचित कापत होता. अक्कल मात्र पूर्ण ठिकाणावर आली होती.

मी कागद घेऊन वाडीला गेलो. गेलो, हेही लिहून ठेवतो.

ट्रकांच्या रांगेमागे पत्र्याची एक खोली. दुर्गेश भिंतीकडे तोंड करून बसला होता, आईशी बोलायची हिंमत नव्हती त्याची. चुलीवर भात शिजत होता. रुखमाबाईंनी सोहळ्याला यायला निघताना पाहुण्यांसाठी म्हणून जुन्या कोठीतला कोदो गाठोड्यात बांधून आणला होता. तो बघायला कुणाला वेळ झाला नव्हता, आता त्याचाच भात होता.

मी कागद काढला. त्या म्हणाल्या, “आधी जेवण. तुमचं वय किती, साहेब?”

“एकसष्ट.”

“म्हंजे इथं सगळ्यायत थोरले तुमी. तुमी आधी खा.”

त्यांनी माझ्यापुढे ताटली ठेवली. एकतीस वर्षं धान्य तपासलं, वर क्वालिटी हेड झालो, पण तपासलेल्या धान्याचा घास मी त्या दिवशी पहिल्यांदा घेतला. बाकी तिघं माझ्याकडे बघत बसली. भात गोडसर होता, मोकळा होता. खाल्ला. मग थांबलो. बाहेर ट्रक मागेपुढे होत राहिले, दुपार कलली. भूक सगळ्यांच्या तोंडावर दिसत होती आणि मी एकटा जेवलेला होतो. असल्या वाट बघण्याला कुठल्याच फॉर्मवर कॉलम नाही.

मग त्यांनी सुई-दोरा दिला. माझा हात कापत होता. दोनदा दोरा बाजूला गेला. रुखमाबाई न्याहाळत होत्या.

“हे कोदोचं नाई,” त्या म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा दोरा ओवला गेला. त्यांनी सगळ्यांना वाढलं.

जेवणं झाल्यावर मेघाने कागद वाचून दाखवला. दुर्गेशने पेन मागितलं. “करतो सही. चूक माहीच हाय. अर्ध्यात एक बैल तर येईन.”

“थांब गा,” रुखमाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “साहेब, हा कागद तुमी आधी चाखला?”

“वाचला.”

“खाण्यासारखा हाय?”

“नाही.”

“मंग आमच्या पोराच्या ताटात काहून ठेवता? पोरानं चूक केली. तो भोगन. पण त्याले माहीत होतं ते त्यानं तुमाले सांगतलं. मी सांगतलं. मले सांगा, तुमाले कोणाले सांगाचं राहिलं होतं?”

मला इतकी लाज यापूर्वी एकदाच वाटली असेल, शाळेत. मी मान खाली घातली. त्या उठल्या, चुलीवरचा तवा उतरवला, पालथा केला आणि माझ्यापुढे ठेवला. तवा अजून कोमट होता. मी उजवा हात काजळीवर दाबला आणि गौरांगच्या कागदावर, टाइप केलेल्या मजकुराच्या बरोबर मधोमध, उठवला. मग कागद उलटला आणि डाव्या हाताने धरून मागे लिहिलं: हा माल खाण्यासारखा नाही हे मला डिसेंबरात सांगितलं होतं. मी ते संचालकांना दोनदा सांगितलं. तरीही मी पासची सही केली. सोहळ्यात मी स्वतः तो खाल्ला नाही. खाली तारीख आणि पूर्ण नाव.

एक प्रत काढली आणि मूळ कागद धंतोलीला नेऊन गौरांगच्या टेबलावर ठेवला. त्याने आधी पुढची बाजू बघितली, मग मागची. त्या दिवशी मात्र त्याने फील बघितला नाही, अर्थ विचारला. प्रत कुठे आहे, तेही विचारलं. सलाइन लावून घेतलेल्या दीडशे लोकांत तीन वकील होते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिसऱ्या दिवशी रुखमाबाईंच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा झाली. माणुसकीने जे निम्मं होणार होतं ते भीतीने पूर्ण झालं. मला व्हॉट्सॲपवरच नोकरीवरून काढून टाकलं. लोगो बदलला नाही, कारण पॅकेटं छापून झाली होती.

वैशाखात दुर्गेशचा फोन आला. मागे बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या आणि मेघा कुणावर तरी ओरडत होती. उतार नांगरून होत आला होता. मग रुखमाबाई फोनवर आल्या. म्हणाल्या, जुना कोदो अजून तसाच हाय, घेणारं कोणी भेटलं नाई. मी एक पोतं मागवलं.

आता दर रविवारी आमच्याकडे कोदो होतो. मी आधी खातो आणि घर दुपारपर्यंत थांबतं. सून वैतागते, नातू चिप्स खातो. बायको म्हणते, “अहो, हा तर जुना आहे, त्यांनी स्वतः खाऊन बघितलेला. या धान्याला कशाला हवी परीक्षा?”

मी तिला सांगतो की परीक्षा धान्याची नाही. ती सुई-दोरा आणून देते आणि माझ्या हातांकडे बघत बसते.